इसार

“परभणीत डोकी आहेत, पैसा नाही.” हे वाक्य मी पाच वर्षं बोललो. सभागृहात बोललो, सरकारी कचेऱ्यांच्या व्हरांड्यात बोललो, वार्ताहरांना बोललो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही बोललो. आज ते वाक्य मागे घेतोय. ते चुकीचं होतं. ते चुकीचं आहे हे ओळखायची साधनं जिल्ह्यात ज्यांच्या हाताशी होती त्यांतला मी एक, म्हणून हे लिहून ठेवणं मला भाग आहे.

चौतीस वर्षं मी बँकेत नोकरी केली. परभणी, सेलू, जिंतूर, वसमत, नांदेड अशा शाखा फिरलो. क्लार्क म्हणून लागलो आणि २०१८ मध्ये शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. कर्जाला येणारा माणूस सातबारा, फेरफार, मशीनचं कोटेशन आणि सी.ए.कडून करून आणलेला प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन समोर बसायचा. रिपोर्ट मी चाळायचो. माझी नजर आधी तारणाच्या रकान्यावर जायची. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक २०१० मध्येच आला होता. असली कर्जं बुडाली तर भरपाई देणारी हमी योजना तर २००० सालापासूनची. दोन्ही परिपत्रकं मला पाठ होती. तरी मी तारण मागायचो. लेखी नाही, तोंडी. “वडिलांच्या नावावर काही आहे का?” एवढं विचारलं की समोरच्याला कळायचं. खातं थकलं की खुलासा मला द्यावा लागायचा. कर्ज दिलंच नाही तर कुणी जाब विचारत नव्हतं. माझ्या सगळ्या सावधपणाचं मूळ एवढंच होतं, हे आज स्वच्छ दिसतं.

२०१४ च्या उन्हाळ्यात सेलू तालुक्यातला एक मुलगा आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. कापूस निघाला की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात, त्या उपटायला मजूर मिळत नाहीत, म्हणून लोक बांधावर पेटवून देतात. या पोरानं छोट्या ट्रॅक्टरला जोडायच्या कुट्टी यंत्राचं ड्रॉइंग केलं होतं, आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीनं. मामाच्या शेतात जुनं सामान जोडून चालवूनही पाहिलं होतं. त्याला अडीच लाख हवे होते. मी माझा प्रश्न विचारला. वडिलांच्या साडेतीन एकरांवर सोसायटीचा बोजा होता. मी नाही म्हणालो. त्यानं कागद होत्या त्याच घड्यांवर पुन्हा दुमडला, नमस्कार केला आणि गेला. दोन महिन्यांनी तो चाकणला कंपनीत लागल्याचं कळलं, आणि मला बरं वाटलं. पोराचं भलं झालं असंच मी धरून चाललो.

त्याच वर्षी मी मिनी डाळ मिलच्या बऱ्याच फायली मंजूर केल्या. त्यांना अनुदान होतं, उद्दिष्ट होतं, वरून फोन होते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत ठेवीसारखी अडकवून ठेवतात आणि मग कर्जात वळती करतात. त्यांतली किती मशिनं चौथ्या वर्षी ताडपत्रीखाली गेली ते मी वसुलीला फिरताना डोळ्यांनी पाहिलं. तूर गावात होती, मशीन गावात होतं; डाळ घेणारा कोण, हे मात्र कुणीच विचारलेलं नव्हतं. मीही नाही.

निवृत्तीनंतर आम्ही आठ-दहा जण एकत्र आलो. दोन प्राध्यापक, एक सी.ए., पुण्याहून परतलेली दोन-तीन मुलं, एक डॉक्टर, मी. जिल्ह्यात नव्या उद्योगांची मंडळी, गुंतवणूकदार आणि मदत करणारी माणसं यांची एक बांधणी व्हावी अशी मनापासून इच्छा होती. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बैठक. सुरुवातीच्या त्या उत्साहाबद्दल मला आजही आदर आहे. मुलं जिंतूरहून, गंगाखेडहून एस.टी.नं यायची आणि शेवटच्या गाडीपर्यंत थांबायची.

पण आमच्या, त्यातही माझ्या, डोक्यातलं चित्र उसनं होतं. २०२२ च्या जूनमध्ये हैदराबादला नव्या उद्योगांसाठीच्या टी-हबची नवी इमारत उघडली. त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही तिघं ती बघायला गेलो. हैदराबाद आम्हाला परकं नाही. १९५६ पर्यंत आमचे वाडवडील त्याच राज्यातले, आमची रेल्वे आजही सिकंदराबादकडेच बघते. ती काचेची इमारत, आत बसलेली शेकडो पोरं बघून मी भारावलो. परतीच्या गाडीत रात्रभर झोप नाही. परभणीत अशी एक, छोटी का असेना, इमारत झाली पाहिजे, तिथं पुण्या-मुंबईचे गुंतवणूकदार आले पाहिजेत, हे पक्कं झालं. पुढचं वर्षभर मी निवेदनं लिहिण्यात घालवलं. जागा मागितली, निधी मागितला, आणि प्रत्येक निवेदनात ‘अनुशेष’ हा शब्द घातला.

या शब्दाबद्दल थोडं बोललं पाहिजे. मराठवाड्याच्या माणसाला तो फार जवळचा आहे. दांडेकर समितीनं १९८४ च्या अहवालात तो आकड्यांत मांडला. सिंचन, रस्ते, रेल्वे यांच्याबाबत तो खराच आहे, आणि त्यासाठी भांडणं आजही गरजेचं आहे असं मी मानतो. पण उद्योजकतेला तो शब्द लावला की एक विचित्र गोष्ट होते. आपण वाट पाहणारे होतो. देणारा कुणीतरी दुसरा, बाहेरचा, आणि तो येईपर्यंत आपण पात्र असल्याचं सिद्ध करत बसायचं. मी आमच्या मुलांना नेमकं हेच शिकवत होतो. दहा मिनिटांत कल्पना कशी मांडायची, बाजारपेठेचा आकडा कसा फुगवायचा, पाच वर्षांचा तक्ता कसा करायचा. त्यांतल्या एका मुलानं नऊ स्पर्धांमध्ये सादरीकरण केलं. घरी प्रमाणपत्रांची फाइल झाली. त्याच्या यंत्राचं एकही काम तोवर कुणी पैसे देऊन करून घेतलेलं नव्हतं. त्याची चूक नव्हती. ग्राहकाकडे जा, असं आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

हा मुलगा महत्त्वाचा आहे, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. परभणी तालुक्यातला, इथल्या कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला. त्याचं काम साधं आहे. आपल्याकडे बरेच शेतकरी सोयाबीनचं घरचंच बी ठेवतात. २०२० च्या खरिपात विकतचं बियाणं उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात केवढा हाहाकार झाला होता. त्यानंतर घरचं बी ठेवणारे वाढले. पण सोयाबीनचं टरफल फार नाजूक. मळणी यंत्राचे फेरे जास्त झाले, पोतं उंचावरून आदळलं, की वरून बरं दिसणारं बी आतून मरतं. म्हणून पेरणीआधी ते चाळायचं, फुटकं आणि डागी बाजूला काढायचं, गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवण बघायची. ७० च्या वर उगवले तर ठीक, कमी उगवले तर एकरी बी वाढवायचं. यानं चाळणी, स्पायरल सेपरेटर आणि वजनकाटा एका ट्रॉलीवर बसवायचं ठरवलं होतं. एप्रिल-मेमध्ये गावोगाव जायचं, शेतकऱ्याच्या दारात बी निवडून, उगवण तपासून, पिशव्या भरून द्यायच्या. क्विंटलमागे दर.

२०२४ च्या जानेवारीत आमच्या बैठकीला पुण्याहून एक गुंतवणूकदार आले. मी त्यांच्यासाठी तीन महिने फोन केले होते. सादरीकरणं झाली, त्यांनी सगळ्यांचं नीट ऐकलं. नंतर चहाला मी त्यांना बाजूला घेऊन या मुलाबद्दल विचारलं. ते जे म्हणाले ते मी त्या रात्री डायरीत लिहून ठेवलं. म्हणाले, “साहेब, मी दहा ठिकाणी पैसे घालतो. सहा-सात बुडतात, दोन-तीन मुद्दल देतात, आणि एखादा इतका मोठा होतो की बाकीच्यांचं भरून निघतं. म्हणून मला प्रत्येक ठिकाणी पन्नास पट होण्याची शक्यता दिसावी लागते. याचं काम चार तालुक्यांत नीट चालेल, दोघा-चौघांची घरं चालवेल आणि दरवर्षी नफा देईल. मुलगा बरोबर आहे. माझा पैसा त्याच्यासाठी बरोबर नाही.”

मी नाराज झालो नाही, हादरलो. माणूस प्रामाणिक होता आणि त्याचं गणित पक्कं होतं. ज्या पैशाची मी पाच वर्षं वाट पाहत होतो तो आला असता तरी आमच्या मुलांपैकी बहुतेकांना त्याचा उपयोग नव्हता. त्याची जातकुळीच वेगळी. आणि बँकेचं कर्ज? त्याची जातकुळी माझ्याइतकी कुणाला ठाऊक होती?

चार दिवसांनी मी नव्या मोंढ्यात गेलो होतो, घरच्या थोड्या तुरी घालायला. तिथले एक आडते माझ्या ओळखीचे. त्यांच्या वडिलांचं सी.सी. खातं माझ्या शाखेत होतं. आडत्यांबद्दल माझं मत काही चांगलं नव्हतं. उचल द्यायची, माल आपल्याच दुकानी आणायला लावायचं, वर व्याज लावायचं. या साखळीत अडकलेली घरं मी वसुलीच्या निमित्तानं आतून पाहिली आहेत. ते मत सगळं बदललेलं नाही. पण त्या दिवशी गादीवर बसून चहा घेता घेता मी सहज या मुलाच्या ट्रॉलीचं सांगितलं. शेठजी हिशोबपट्टी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “पोरगं कुणाचं?” मी सांगितलं. मग एकामागून एक तीन प्रश्न आले. “रस्त्यात मोडलं तर वेल्डिंग कोण करणार? पाऊस पडल्यावर दहा महिने ट्रॉली काय करणार? आणि बापाचं कुणाकडं किती हाय?”

चौतीस वर्षांत पहिले दोन प्रश्न मी एकाही कर्जदाराला विचारले नव्हते. तिसरा विचारला होता, पण माझा प्रश्न जमिनीचा होता. त्यांचा प्रश्न होता की या घरावर किती ओझं आहे, पोराला हंगामात मध्येच उठून मजुरीला जावं लागेल का.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला घेऊन गेलो. त्यानं सांगितलं की वेल्डिंग त्याला स्वतःला येतं. खरिपाचं मूग-उडीद निघालं की ते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा चाळता येतो. बापाचं कृषी सेवा केंद्रात थोडं देणं आहे, बाकी नाही. शेठजींनी गल्ल्यातून ५,००० रुपये काढले. “माझ्याकडं येणारे लै शेतकरी घरचं बी ठेवतेत. शंभर क्विंटलचं माझ्याकडून धर. हा इसार.” मुलगा माझ्याकडे बघायला लागला. घ्यावेत की नाही त्याला कळेना. नऊ स्पर्धांमध्ये त्याला असे पैसे कुणी दिले नव्हते.

इसार! बैलाचा सौदा झाला की देतात, घर-जमिनीच्या व्यवहारात देतात, लग्नात वाजंत्र्याला देतात. लहानपणी जनावरांच्या बाजारात वडिलांनी लाल कंधारी गोऱ्ह्यासाठी इसार दिलेला मला आठवतो. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरला आणि वडिलांनी बंडीच्या खिशातून नोट काढली. त्या नोटेनं गोऱ्हा आमचा झाला नव्हता, पण विकणारा आता तो दुसऱ्याला देणार नव्हता. इसार कर्ज नाही, कारण त्याला व्याज नाही. भागभांडवल नाही, कारण त्यात मालकी नाही. ‘तुझं काम मला लागणार आहे’ एवढंच तो सांगतो. धंदा सुरू करणाऱ्याला याहून जास्त मोलाची बातमी कुठली असते? आणि ही बातमी तारण मागत नाही.

पंधरा दिवसांत मानवत तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीनं २०,००० दिले. दोन कृषी सेवा केंद्रांनी दिले. एका गावातल्या बचत गटानं ठराव करून १,५०० रुपये पाठवले, आणि त्या १,५०० चा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटला, कारण त्या बायकांनी आपसांत भांडून, कुणाचं बी आधी निवडायचं हे ठरवून पाठवले होते. सगळे मिळून लाखाच्या वर गेले. मग मी एका बँकेतल्या जुन्या सहकाऱ्याकडे गेलो आणि प्रोजेक्ट रिपोर्टच्या जागी इसाराच्या पावत्यांची चळत ठेवली. उरलेलं कर्ज झालं. तारण न मागता. परिपत्रक तेच होतं, जे मी वर्षानुवर्षं बाजूला सारलं होतं.

त्या दिवसापासून मी उलटं वाचायला लागलो. आमच्या शेजारी काय घडलं होतं ते पुन्हा बघितलं. छत्रपती संभाजीनगरला आज चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अ‍ॅग्रिकल्चरनं उभी केलेली ‘मॅजिक’ ही संस्था नव्या उद्योगांना हात देते. चांगलं काम आहे. मी तिचं उदाहरण निवेदनांत द्यायचो, ‘त्यांना आहे, आम्हाला का नाही’ म्हणून. पण तिच्या मागे काय आहे? १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला. त्याला सुटे भाग लागायचे. ज्यांनी ते करून दिले त्यांच्या हातात आधी ऑर्डर पडली, मग शेड उभी राहिली, आणि त्यानंतर कितीतरी काळानं नव्या पोरांसाठी संस्था. आम्ही शेवटच्या पायरीवरून चढायला निघालो होतो.

जालन्याचं तर मला जास्त लागतं. बद्रीनारायण बारवाले यांचा जन्म हिंगोलीचा, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच परभणी जिल्ह्यातला; हिंगोली वेगळी झाली १९९९ मध्ये. त्यांनी भेंडीच्या ‘पुसा सावनी’ वाणाचं बी शेतकऱ्यांकडून तयार करून घेण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाण्याची कंपनी काढली, १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. त्या धंद्याचा कणा काय होता? शेतकऱ्याला मूळ बी द्यायचं आणि पिकलेलं बी ठरल्या भावानं घ्यायचं. पेरण्याआधीच शेतकऱ्याला घेणारा ठाऊक. त्या भरवशावर जालन्यात बियाण्याचा अख्खा व्यवसाय उभा राहिला, कंपनीत शिकलेल्या माणसांनी पुढे स्वतःच्या कंपन्या काढल्या, भोवतालच्या गावांतले शेतकरी बीजोत्पादनात तरबेज झाले.

आणि आमच्याकडे? कृषी महाविद्यालय १९५६ पासून, विद्यापीठ १८ मे १९७२ पासून. ऐंशीच्या दशकात याच विद्यापीठानं ‘परभणी क्रांती’ भेंडी दिली, केवड्याला दाद न देणारी. देशभर ती लागली, कितीतरी कंपन्यांनी तिचं बी विकलं. नाव परभणीचं, व्यापार बाहेरचा. सोयाबीनचे ‘एमएयूएस’ वाण इथले. लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ ज्वारी इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या जोडीनं २०१८ मध्ये इथूनच आली. विद्यापीठातून मोंढ्यात यायला रिक्षाला पाव तास लागतो. या पाव तासाच्या अंतरावरची दोन जगं पन्नास वर्षं एकमेकांशी फारशी बोलली नाहीत, आणि बँकेचा माणूस म्हणून मी दोन्हीकडे रोज जात होतो.

खरं तर ती वर्षातून दोनदा भेटतात. विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, १८ मेला, खरिपाच्या बियाण्याची विक्री सुरू होते. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, रब्बीची. पहाटेपासून रांग लागते. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूरहून लोक येतात, भाकरी बांधून येतात, रांगेत पिशवी ठेवून झाडाखाली पडतात. जैविक ‘बायोमिक्स’साठी हळदीवाले येतात ते वेगळेच. मी ही रांग आयुष्यभर पाहिली आणि तिला गर्दी समजलो. २०२४ च्या मे महिन्यात त्या रांगेत आम्ही सहा जण वह्या घेऊन फिरलो आणि एकच प्रश्न विचारला: तुम्ही परभणीत काय विकत घ्यायला येता जे इथं मिळत नाही, किंवा दुरुस्त होत नाही? दुपारी दोनपर्यंत वह्या भरल्या. पाच वर्षांच्या दुसऱ्या शनिवारांनी आम्हाला जे कळलं नव्हतं ते त्या उन्हात कळलं.

त्यानंतर आमच्या बैठकीचं रूप पालटलं. आता सभागृह नाही. मोंढ्यात, दुकानं मिटल्यावर, आडतीच्या ओट्यावर बसतो. मुलं बोलत नाहीत. घेणारे बोलतात आणि मुलं ऐकतात. सेलूच्या एका जिनिंगवाल्यानं सांगितलं की जिनच्या रोलरचं काम बाहेर पाठवायला लागतं आणि ऐन हंगामात मशीन उभं राहतं. मापाड्यांनी सांगितलं की ओलावा मोजायचं यंत्र, ज्याला मोंढ्यात ‘हवा’ बघायचं मशीन म्हणतात, त्याची पारख करून देणारं इथं कुणी नाही. एका दुकानात हवा १२ निघते आणि शेजारी १४, आणि मधल्या दोन टक्क्यांत शेतकरी मरतो. एका हळद व्यापाऱ्यानं पोत्यांचं सांगितलं. प्रत्येक गरजेपुढे आम्ही विचारतो: कुणी करून दिलं तर इसार द्याल का? ‘बघू’ म्हणाले तर वहीत फुली. पैसे काढले तर नाव. वही अजून पातळ आहे, पण तिच्यातलं प्रत्येक नाव खरं आहे.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. शेठजींना वाटत होतं की ट्रॉली आधी त्यांच्याच शेतकऱ्यांकडे जावी, इतर आडत्यांच्या नंतर. मुलाला ते मान्य नव्हतं. तीन रात्री मी दोघांच्या मध्ये बसलो. शेवटी स्टॅम्प पेपरवर लिहिलं: इसार ज्या क्रमानं आला त्या क्रमानं काम, कुणाच्या दुकानी माल घालायचा याच्याशी ट्रॉलीचा संबंध नाही. शेठजींनी सही केली, पण महिनाभर माझ्याशी कमी बोलले. दुसरी धास्ती लोकांच्या पैशाची. मराठवाड्यात अलीकडे पतसंस्थांमध्ये ठेवी अडकून घरंच्या घरं बसली आहेत. म्हणून आम्ही एक रुपयाही आपल्या या मंडळाच्या नावावर घेत नाही, घ्यायचा नाही असं ठरलं आहे. इसार देणारा थेट करणाऱ्याला देतो, पावती दोघांत. आमच्या कुणाच्या हातून पैसा जात नाही.

पहिला हंगाम बरा गेला. दुसरा, २०२५ चा, अर्ध्यात मोडला. त्या मे महिन्यात अवकाळी पाऊस थांबेचना, आणि मान्सूनही फार लवकर आला. ट्रॉली चिखलात, बी ओलं, लोक पेरणीच्या घाईत. साठ टक्के काम झालं होतं. मुलगा एका संध्याकाळी माझ्याकडे आला, वही उघडली आणि म्हणाला, “साहेब, ज्यांचं झालं नाही त्यांचे परत द्यायला पाहिजेत. पण माझ्याकडं सगळे नाहीत.” जेवढे होते तेवढ्यांतून त्यानं आधी बचत गटाचे परत केले, मग लहान शेतकऱ्यांचे. उत्पादक कंपनीला जाऊन सांगितलं की तुमचे हरभऱ्याच्या हंगामात कामातून फेडतो. त्यांनी मानलं. शेठजींनी परत आलेले पैसे मोजले, गल्ल्यात टाकले आणि म्हणाले, “पुढच्या साली माझं पहिलं धर.” मी नोकरीत असतो तर हे खातं थकीत म्हणून लाल शाईत गेलं असतं.

त्यावर सप्टेंबरची अतिवृष्टी आली. गोदावरी, दुधना पात्र सोडून शेतांत शिरल्या. सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं, शेंगांतच कोंब आले. ज्यांचं गेलं त्यांच्याबद्दल इथं दोन ओळींत लिहिणं मला जमणार नाही. पण घरचं बी कुठून येणार हा प्रश्न ऑक्टोबरमध्येच ओट्यावर आला. कुणीतरी उन्हाळी सोयाबीनचं काढलं: ज्यांना विहिरीला पाणी आहे त्यांनी जानेवारीत पेरायचं, मेमध्ये काढायचं, ते बी म्हणूनच. विद्यापीठातले एक जण त्या दिवशी ओट्यावर होते. लागवडीचं सगळं त्यांनी तिथंच सांगितलं. माणसं तीच होती, पण त्या रात्री इसाराची दिशा फिरली. चार आडत्यांनी मिळून पाणीवाल्या शेतकऱ्यांना इसार द्यायचं कबूल केलं.

मला एक जुनं देणं उरलं होतं. दिवाळीआधी मी चाकणच्या त्या मुलाचा नंबर शोधला. मुलगा कसला, आता चाळिशीकडे झुकलेला, दोन लेकरांचा बाप. मी फोनवर सांगितलं की २०१४ मध्ये मी जे तारण विचारलं ते विचारायचा मला अधिकार नव्हता, मी चुकलो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “जाऊ द्या साहेब. दिवाळीला यायलोच गावाकडं, येतो.”

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला. मोंढा बंद होता, ट्रॉली आडतीच्या मागे उभी होती. आमच्या मुलानं ताडपत्री काढली. दोघांची ओळख करून देऊन मी ओट्यावर बसलो. तो ट्रॉलीभोवती दोनदा फिरला, चाळणीला हात लावला, मग खाली बसला, मग पॅन्टची पर्वा न करता सरळ खाली शिरला. आतून आवाज आला: “अरे, याचा सेंटर चुकलाय. भरल्यावर मागं झुकत असंल. एक्सल अर्धा फूट सरकव. कागद हाय का?” आमच्या मुलाकडे पावतीपुस्तकाशिवाय काही नव्हतं. त्यानं एक कोरी पावती फाडून ट्रॉलीखाली दिली, आणि मी खिशातली पेन्सिल.